हिवाळ्यात साप-सरडे पार्सलने पाठवताना

माझ्या पहिल्या हिवाळ्यात ह्यूस्टनला पाठवलेला एक क्रेस्टेड गेको, म्हणजे पालीसारखा सरडा, मेलेला पोहोचला. इथे मिनेसोटात त्या दिवशी अशी थंडी होती की दाराबाहेर पाय ठेवताच नाकातले केस ताठ व्हावेत. म्हणून मी खोक्यात एकाच्या जागी दोन हीट पॅक, म्हणजे ऊब देणाऱ्या पुड्या, घातले आणि तेही गेकोच्या डब्याच्या झाकणालाच चिकटवले. ह्यूस्टनमध्ये दुसऱ्या दिवशी लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होते. खोकं उघडताच गरम हवेचा भपकारा आला, असं घेणाऱ्याने फोनवर सांगितलं. गेको गारठून गेला नव्हता, उकडून गेला होता.

चूक माझीच होती. मी माझ्या दारातल्या हवेसाठी खोकं बांधलं होतं. खोकं मात्र तीन हवांमधून जातं: तुमच्या गावची, वाटेतल्या छाननी केंद्राची आणि घेणाऱ्याच्या गावची. फेडेक्सची रात्रीची पार्सलं बहुतेक वेळा टेनेसीतल्या मेंफिसमधून किंवा इंडियानापोलिसमधून जातात. तेव्हा फोनवर हवामान बघायचं ते तीन गावांचं, आणि दिवसाबरोबर रात्रीचंही. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका सवयीवर उभं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख अमेरिकेतल्या, घरात पैदास झालेल्या, बिनविषारी प्राण्यांबद्दल आहे: बॉल पायथन, कॉर्न स्नेक, लेपर्ड गेको, क्रेस्टेड गेको वगैरे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप, घोरपडी, तारा कासवं पाळणं किंवा त्यांचा व्यापार करणं हा गुन्हा आहे. २०१९ पासून तारा कासव आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीतही आहे. त्यामुळे यातलं काही वाचून पुण्याच्या भावाला पार्सल करायचा विचार मनात आणू नका.

पाठवायचं की थांबायचं

"हीट पॅक किती टाकू?" असा निरोप मला नोव्हेंबरपासून येऊ लागतो. मी उलट विचारतो, "कुठल्या दिवशी पाठवतोयस?" कारण हिवाळ्यातलं सगळ्यात कामाचं साधन कॅलेंडर आहे, आणि ते फुकट मिळतं.

माझा हिशेब असा. तिन्ही ठिकाणी रात्रीचा पारा ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सियसच्या वर असेल, तर घरपोच पाठवायला हरकत नाही. एखाद्या ठिकाणी तो ४० च्या खाली जात असेल, तर खोकं कुणाच्याही दारात जाता कामा नये. ते फेडेक्सच्याच केंद्रावर थांबवून घ्यायचं आणि माणसाने स्वतः जाऊन उचलायचं. आणि दोन्हींपैकी एका टोकाला भर दुपारीसुद्धा पाणी गोठत असेल, तर मी पाठवतच नाही. मिनेसोटात याचा अर्थ जानेवारी जवळपास पूर्ण बंद. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू द्यावं. तळघरात तो साप मजेत आहे, मार्चमध्येही तो तितकाच सुंदर दिसेल.

सोमवार आणि मंगळवार हे पाठवण्याचे दिवस. बुधवार चालतो, पण हिवाळ्यात मी तोही टाळतो. एक दिवस उशीर झाला तरी हाताशी कामाचा दिवस उरला पाहिजे. गुरुवारी निघालेलं खोकं अडकलं की शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात काढतं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यापासून नववर्षापर्यंत तर भेटवस्तूंचा असा पूर येतो की एक दिवसाचं पार्सल एका दिवसात पोहोचेल याची खात्री कोणीही देऊ नये. आणि मेंफिस दक्षिणेत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फाने त्या केंद्राचंच काम विस्कळीत केलं होतं. तेव्हा पाठवणारा फ्लोरिडात आणि घेणारा ॲरिझोनात असला तरी त्याचा काही उपयोग नव्हता.

कोण नेतं आणि वर काय लिहायचं

अमेरिकेचं टपाल खातं लहान, निरुपद्रवी सरडे-पाली घेतं. साप आणि कासवं घेत नाही. सरडे चालत असले तरी हिवाळ्यात मी टपालाच्या वाटेला जात नाही, कारण नक्की उद्या पोहोचेल असं तिथे गृहीत धरता येत नाही. फेडेक्स सरपटणारे प्राणी नेतं, पण कोणीही उठून काउंटरवर साप ठेवावा असं चालत नाही. त्यासाठी मान्यता असलेलं खातं लागतं. आपल्यासारखे छोटे लोक 'शिप युअर रेप्टाइल्स'सारख्या मध्यस्थ सेवेकडून लेबल घेतात. त्यांच्या अटी पूर्ण वाचा. थंडीत किती तापमानाखाली जिवंत पोहोचण्याची हमी लागू नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं.

खोक्याच्या बाहेर पाठवणारा आणि घेणारा यांचे पत्ते, आत कुठली जात आहे तिचं शास्त्रीय नाव आणि नग किती, हे लिहिणं वन्यजीव-व्यापाराच्या लेसी कायद्याखाली बंधनकारक आहे. कायदा १९०० सालचा आहे, पण अजून चांगले दात आहेत त्याला. बॉल पायथनसाठी 'एक पायथन रेजियस, बिनविषारी' एवढी ओळ पुरते. राज्याराज्यांचे नियमही वेगळे आहेत: हवाईत पाळीव साप पूर्ण बंद, आणि इतरत्रही काही जातींना परवाना लागतो. लेबल विकत घेण्याआधी घेणाऱ्याच्या राज्याचे नियम बघा.

आठवडाभर आधी

साप-सरड्यांना अंगची ऊब नसते, बाहेरची उसनी घ्यावी लागते. अंग थंड पडलं की पचन थांबतं. पोटात उंदीर असताना साप थंडीत अडकला तर तो उंदीर पचण्याऐवजी कुजायला लागतो, आणि मग साप तो ओकतो. पिशवीत ओकलेला साप ओला होतो, आणि ओला प्राणी जास्त वेगाने गारठतो. म्हणून लहान-मध्यम सापाला निघण्याआधी पाच ते सात दिवस उपास, मोठ्याला आणखी दोन-चार दिवस. गेकोंना दोन-तीन दिवस पुरतात. घरच्यांना वाईट वाटतं. माझी आई दर वेळी फोनवर विचारते, "उपाशी पाठवतोस त्याला?" प्रवासाला निघालेल्या माणसाला डब्यात दशम्या बांधून देणारी पिढी ती. पण पाणी मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत ठेवायचं.

आजारी, नुकताच कात टाकणारा किंवा हाडकुळा प्राणी हिवाळ्यात पाठवू नका. नाकाशी बुडबुडे किंवा श्वासाला घरघर असेल तर तो प्रवासाचा उमेदवारच नाही. गार हवा लागली की बॉल पायथनला श्वसनाचा संसर्ग फार लवकर होतो.

इथे कोणीतरी हमखास म्हणतो, "अरे, पण साप तर बर्फातही जगतात." जगतात. आमच्या वरच्या अंगाला, कॅनडाच्या मॅनिटोबात नार्सिस इथे गार्टर साप हजारोंनी चुनखडीच्या भेगांत हिवाळा काढतात. पण ते जमिनीखाली, जिथे पाणी गोठत नाही अशा खोलीवर उतरतात, आणि शरद ऋतूत आठवड्यामागून आठवडे हळूहळू थंड होत जातात. तुमचा बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतल्या घाना-टोगो-बेनिनच्या उष्ण गवताळ भागातला. तळघरातल्या ऐंशी फॅरनहाइटमधून धावपट्टीवरच्या दहा फॅरनहाइटमध्ये जायची सवय त्याच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हती.

खोकं

पुठ्ठ्याचं मजबूत खोकं, आणि आतून सहाही बाजूंना किमान पाऊण इंच जाडीचा थर्माकोल. एका लहान सापासाठी किंवा एक-दोन गेकोंसाठी १२ × ९ × ६ इंचांचं खोकं सोयीचं पडतं. खूप छोट्या खोक्यात हीट पॅक आणि प्राणी यांच्यात अंतर उरत नाही. खूप मोठं घेतलं तर सगळी ऊब रिकामी जागा तापवण्यात जाते. थर्माकोलच्या पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींना नीट भिडल्या पाहिजेत. एक फट राहिली की रात्रभर तिथून वारं येतं.

सापासाठी उशीचा अभ्रा किंवा कापडी पिशवी. ती आधी उलटी करून शिवण बघा: सुटा दोरा असला तर तो सापाच्या मानेभोवती किंवा शेपटीभोवती फासासारखा अडकतो. साप आत सोडा, तो तळाशी गेल्याची खात्री करा, तोंड पिळून दुमडा आणि गाठ मारा. पिल्लांसाठी झाकणाचे प्लास्टिकचे डबे, बाजूला सुईने आधीच पाडलेली भोकं, आत चुरगळलेला पेपर टॉवेल. गेकोंसाठीही तसंच. क्रेस्टेड गेकोसाठी टॉवेल जेमतेम ओलसर, बाकी सगळ्यांसाठी कोरडा. पाण्याची वाटी नको, शेवाळ नको, 'वाटेत खाईल' म्हणून किडे तर अजिबात नकोत. उपाशी रातकिडे गेकोलाच कुरतडतात.

उरलेल्या जागेत चुरगळलेली रद्दी भरा. खोकं हलवलं तर आत काही गडगडता कामा नये, पण डबे घट्ट दाबलेलेही नकोत.

हीट पॅक

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हीट पॅकच्या आत लोखंडाचा बारीक भुगा, मीठ, कोळसा आणि थोडी ओल असते. बाहेरचं वेष्टण फाडलं की हवेतल्या ऑक्सिजनने लोखंड गंजू लागतं, आणि गंजताना उष्णता निघते. म्हणजे पॅक श्वास घेतो. हे एकदा नीट समजलं की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. खोकं हवाबंद केलं तर पॅक विझतो आणि तुमचा साप बर्फाच्या पेटीत जातो. वर उरलासुरला ऑक्सिजन दोघांनी वाटून घ्यायचा असतो. म्हणून पुठ्ठा आणि थर्माकोल दोन्हींमधून आरपार, पेन्सिलीच्या जाडीची दोन ते चार भोकं हवीतच. कितीही थंडी असली तरी ती टेपने बुजवायची नाहीत.

मोज्यात-हातमोज्यात घालायचे छोटे पॅक वापरू नका. ते फार तापतात आणि आठ-दहा तासांत संपतात. पार्सलसाठी बनवलेले पॅक ४० तासांचे आणि ७२ तासांचे मिळतात. ४० तासांचा जास्त गरम; ७२ तासांचा सौम्य पण दूर जाणारा. घरपोच, साधी थंडी, वेळेवरची गाडी असेल तर ४० चा. केंद्रावरून उचलायचं असेल आणि उशिराची भीती असेल तर मी ७२ चा घेतो. पाठवणारे खूपजण उलटं करतात: थंडी कडक म्हणून जास्त तापणारा. पण कडक थंडीत खरा धोका उशिराचा असतो, आणि चाळीस तासांचा पॅक तेव्हाच मान टाकतो.

पॅक उघडा, हलवा आणि निदान तासभर खोलीत उघडा ठेवा. हाताला सगळीकडून सारखी ऊब लागली तरच तो वापरायचा. अर्धा थंड राहिला तर तो जुना आहे, दुसरा घ्या. मग वर्तमानपत्राच्या एका घडीत सैल गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने लावा. टेप फक्त दोन कडांना. पॅक सगळीकडून टेपने झाकला तर त्याची हवा तोडली. तळाशी ठेवायचा नाही, नाहीतर प्राणी त्यावरच येऊन बसतो. पॅक आणि पिशवी यांच्यामध्ये रद्दीचा थर हवा. प्राण्याला पॅकची धग लागू नये, फक्त हवा कोमट राहावी.

आता किती? एका लहान खोक्याला एक. दोन लागतील असं वाटलं तर बहुतेक वेळा तो दिवसच पाठवण्याचा नसतो. आणि कधी एकही नको: घेणाऱ्याच्या गावी दुपारी ७०-७५ फॅरनहाइट होणार असेल तर पॅक वगळण्याचा गंभीरपणे विचार करा. क्रेस्टेड गेकोसाठी तर मी आणखी कंजूस आहे. न्यू कॅलेडोनियातला हा प्राणी खोलीच्या तापमानात खूश असतो आणि ८२ फॅरनहाइटच्या वर, म्हणजे २८ सेल्सियसलाच, धापा टाकायला लागतो. बॉल पायथनला ते तापमान सुखाचं वाटतं. दोघांना एकाच पद्धतीने बांधणं ही माझी ह्यूस्टनवाली चूक.

फेज २२ नावाचा एक चपटा पट्टाही मिळतो. त्यातला पदार्थ २२ सेल्सियसच्या आसपास गोठतो आणि वितळतो. बाहेर थंडी वाढली की गोठताना तो ऊब सोडतो, आतली हवा तापली की वितळताना ऊब शोषतो. थोडक्यात, आपल्या माठासारखा गुणी: स्वतः काही करत नाही, पण टोकाला जाऊ देत नाही. किंमत जास्त आहे, तरी एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला ऊन असेल तेव्हा मी हीट पॅकच्या जोडीला तो घालतोच. बांधण्याआधी तो उबदार खोलीत ठेवून वितळू द्यायचा, गोठलेला घातला तर देण्यासारखी ऊब त्याच्याकडे उरलेलीच नसते.

रंगीत तालीम

नवी खोकी आणली किंवा पॅकची जात बदलली की मी एक रात्र तालीम करतो. खोकं अगदी खऱ्यासारखं बांधायचं, फक्त सापाच्या जागी अभ्र्यात वाटीभर ओली वाळू आणि तिच्याशेजारी कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा थर्मामीटर. खोकं गॅरेजमध्ये किंवा मागच्या ओसरीवर ठेवायचं. सकाळी आकडे बघायचे. नंतर तेच खोकं घरात हीटरजवळ चार-पाच तास ठेवायचं आणि पुन्हा आकडे बघायचे, कारण दुपारची डिलिव्हरी व्हॅन आतून बऱ्यापैकी तापू शकते. बहुतेक प्राण्यांसाठी मला आतली हवा ७० ते ८० फॅरनहाइट हवी असते, म्हणजे २१ ते २७ सेल्सियस. आकडा वर गेला तर रद्दीचा थर वाढवा, खाली गेला तर थर्माकोलच्या फटी शोधा. पॅक वाढवणं हा शेवटचा उपाय. माझे आकडे मी मुद्दाम देत नाही, कारण तुमचं खोकं माझं नाही.

निघायचा दिवस

खोकं सकाळी बांधून ठेवू नका. हीट पॅक दुपारी उघडा, खोकं संध्याकाळी बांधा आणि शेवटच्या गाडीच्या थोडं आधी थेट फेडेक्सच्या मुख्य केंद्रावर द्या. कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात दिलं तर ते तासन्‌तास दाराशी पडून राहू शकतं, शिवाय तिथल्या कर्मचाऱ्याला आत साप आहे हे कळल्यावर होणारा गोंधळ वेगळा. गाडी आधी तापवून घ्या. खोकं मागच्या सीटवर, डिकीत नाही. लेबल सकाळी साडेदहाच्या आत पोहोचवणाऱ्या सेवेचंच घ्या.

टेप लावण्याआधी आतला फोटो काढा: पिशवीची गाठ, पॅकची जागा, भोकं. घेणाऱ्याला ट्रॅकिंग क्रमांक, फोटो आणि पॅक किती वाजता उघडला ती वेळ पाठवा. ही शेवटची माहिती फार थोडे लोक देतात. पार्सल अडकलं तर पॅकमध्ये किती जीव उरला, याचा हिशेब तिच्यावरूनच लागतो.

उशीर झालाच, तर सकाळी नऊची वाट न बघता फोन लावा. मागायचं एकच: खोकं गाडीवर चढवू नका, उबदार जागी ठेवा, आम्ही उचलायला येतो. थर्माकोलच्या खोक्यातला, पोट रिकामं असलेला निरोगी साप गोदामात एक जादा दिवस बहुधा काढतो. व्हॅनच्या मागच्या भागात, बर्फात, दिवसभर फिरणं हा निराळा मामला.

घेणाऱ्याने काय करायचं

हा भाग कापून घेणाऱ्याला पाठवून द्या. केंद्रावरून खोकं उचललं की थेट घरी. वाटेत किराणा नाही. गाडीत उघडायचं नाही. घरी आल्यावर व्हिडिओ चालू ठेवून उघडा, कारण हमीसाठी पुरावा ठराविक तासांत मागतात, बऱ्याचदा दोन तासांतच.

प्राणी थंड आणि सुस्त लागला तर घाबरू नका आणि घाई करू नका. कोमट पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर, दिव्याखाली धरणं, सगळं वर्ज्य. गारठलेल्या अंगाला एकदम ऊब दिली तर ती झेपत नाही. डब्यातच, साध्या उबदार खोलीत तास-दोन तास राहू द्या. मग जीभ बाहेर येते का, बोटाला पकड आहे का, पालथा केला तर सुलटा होतो का, ते बघा. होत असेल तर आधीच तयार ठेवलेल्या पेटीत सोडा, जिथे एक बाजू गरम आणि एक थंड आहे. आपल्याला किती ऊब हवी ते त्याचं त्याला कळतं. तेवढ्या वेळानेही पकड येत नसेल तर सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा. त्याचा नंबर पार्सल येण्याआधीच लिहून ठेवलेला असावा.

पहिल्या दिवशी फक्त पाणी. हाताळणं आणि खाणं आठवडाभर बंद, मुलांना कितीही उत्सुकता असली तरी. पुढचे दोन आठवडे घरघर, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, यांच्यावर नजर ठेवा.

आणि खोकं रिकामं केल्यावर हीट पॅक लगेच कचऱ्यात टाकू नका. हातात धरून बघा आणि पाठवणाऱ्याला कळवा: अजून गरम आहे, कोमट आहे की दगड झालाय. माझ्या वहीत प्रत्येक पार्सलसमोर हा रकाना आहे, आणि ह्यूस्टनसमोर तिथे लाल पेनाने लिहिलंय, "हात लावता येईना".